पावणेआठ

सोहारला पावणेआठ वाजता
मुंबईचा बाजार उघडतो.
तेव्हा आमची बस बंदराच्या तिसऱ्या फाटकाशी,
गार्ड एकेकाचा पास बघत असतो
आणि मागच्या चार सीटांवर
माना खाली, अंगठे तयार.

चैत्राली केमटेक.
हे नाव खोलीत मी आणलं, ते आधीच सांगतो.
कुणा सरांनी मला कळवलं, मी बाकीच्यांना.
सरांना मी कधी पाहिलं नाही.
कारखाना तळोज्याला की तारापूरला, कुणी विचारलं नाही.
बारा रुपये चाळीस पैसे.
जपानी कंपनी घेतेय,
फक्त सही राहिलीय.

सही राहिलीय, हे आम्हाला लगेच पटतं.
इथं आमचं सगळंच एका सहीवाचून अडलेलं,
रजा, ओव्हरटाइम, बायकोचा व्हिसा.

मग रोज पाच टक्के वर, रोज दार बंद.
विकणारा नाहीच म्हणे, घेणाऱ्यांची ही रांग.
पेंढुरकरने तांदळाच्या गोणीवर बॉलपेनने हिशेब मांडला,
कुडाळला दोन गुंठे,
खोडून चार,
मग विहिरीसकट.
गोणी संपली तरी त्याने टाकू दिली नाही.

मुकादमचाचा तीन आठवडे नुसते ऐकत होते.
बावीस वर्षं क्रेनवर काढलेला माणूस,
वायर ताणली की वजन सांगतो.
चौथ्या आठवड्यात मला बाजूला घेऊन म्हणाले,
"बाला, यात माल हाय ना?"
हाय, मी म्हणालो.

सदतीसला मी माझे विकले.
संडासात बसून, नळ सोडून,
जणू आकड्यांचा आवाज होतो.

आठवडाभर रांगेत उभं राहून न मिळालेले
चाचांना त्याच सकाळी मिळाले.
सगळेच्या सगळे, एका झटक्यात.
दापोलीहून मुलाचा फोन आला, अब्बा, लागले!
त्यांनी खोलीभर खजूर वाटले.
मीही एक घेतला.
बी कुठं टाकावी कळेना, खिशात ठेवली.

इतक्या लाख हातांच्या गर्दीत
माझेच नेमके त्यांच्याकडे जातील,
असं होत नसतं.
मी बऱ्याचदा हिशेब करून पाहिलाय, होत नसतं.

त्या रात्री जेवताना कुणीतरी विचारलं,
काढायचे का आता?
थांबा, मी म्हणालो. अजून सही व्हायचीय.
का म्हणालो, देव जाणे.
मला त्यातून एक पैसा मिळायचा नव्हता.

मग तेच सगळं उलट्या बाजूने.
रोज पाच टक्के खाली, रोज दार बंद,
फक्त आता आम्ही आत होतो.
आम्ही म्हणजे ते.

चौकशी होणार, अशी चार ओळींची बातमी आली.
कुणीतरी खेळवलं, कुणीतरी भाव फुगवला.
खोलीत रोज एक नवा संशयित,
सर, दलाल, कंपनीचा मालक, मालकाचा मेव्हणा.
मीही सगळ्यांबरोबर शिव्या घातल्या,
आणि माझ्या शिव्या जरा जास्तच जमल्या.

रमजानच्या आधी चाचा कायमचे जाणार होते.
ट्रंकेला नवं कुलूप, दोरी, पत्ता, सगळं झालं होतं.
आता ट्रंक परत खाटेखाली आहे,
पत्त्याची बाजू भिंतीकडे.
दोन वर्षं वाढवून घेतली, म्हणाले,
गुडघ्याला विचारून.
मला त्यांनी काही विचारलं नाही.

काल शुक्रवार. बाजारातून सुरमई घेऊन आले.
लिलावात दोघे सख्खे भाऊ
अनोळखी असल्यासारखे एकमेकांवर बोली चढवत होते,
ते हसत हसत सांगितलं.
"मी वलखतो त्यांना. गप उभा ऱ्हायलो.
उन्हात मासा किती येल धरतील?
भाव आपसूक उतरला."

आणि मधली तुकडी माझ्या ताटात वाढली.

मी मान वर न करता काटे काढत बसलो.
सुरमईच्या मधल्या तुकडीत
काटे फारसे नसतात.